अंग उतरणे व लघवी सुटणे : ओटीपोटाच्या तळच्या स्नायूंच्या अशक्तपणाची ओळख

विण्याच्या सुमारास गायीचे मायांग बाहेर आले, तर शेतकरी काय करितो हे आमच्या वाचकांस सांगावयास नको. तो हातातले काम टाकितो, मागील बाजू उंच राहील अशा बेताने गाय उताराच्या जागी उभी करितो, बाहेर आलेला भाग स्वच्छ पाण्याने धुतो, ओल्या फडक्याने झाकितो, कावळ्या-कुत्र्यांपासून राखितो आणि गुरांच्या डॉक्टरास आणण्यास माणूस धाडितो. यांत त्याला लाज वाटत नाही व कोणी त्याला हसतही नाही. परंतु त्याच घरात त्याच्या आईचे किंवा बायकोचे अंग दहा दहा वर्षे उतरत असते आणि घरातल्या पुरुषमाणसास त्याची वार्ताही नसते. बाईने ते सासूला सांगितले असले तर ‘बाईच्या जन्माला आलीस, चालायचेच’ एवढ्या शब्दांत त्याची वाट लागलेली असते. हा विषय शेतकीच्या मासिकात कशास, असे ज्यांस वाटेल त्यांनी ही तुलना मनात धरून पुढचा मजकूर वाचावा. शेतकामाचा निम्म्याहून अधिक भार ज्यांच्या पाठीवर व डोक्यावर आहे त्यांच्या दुखण्याची माहिती या पृष्ठांवर न यावी तर कोठे यावी?

आमच्या डोळ्यांपुढे मुख्यतः मिरा-भाईंदरचा प्रदेश आहे. आज तेथे जिकडे तिकडे उंच इमारती दिसतात. १९८५ साली नगरपरिषद झाली, २००२ साली महानगरपालिका झाली आणि पुष्कळ भातखाचरे इमारतींच्या पायाखाली गेली. तथापि राई, मुर्धे, मोर्वे, डोंगरी, उत्तन, चेणे, घोडबंदर या गावांतील जुन्या घरांत ज्या बाया आज पन्नाशी-साठीच्या आहेत, त्यांचे तारुण्य आवणीच्या चिखलात, मिठागरांच्या बांधांवर, मासळीच्या पाट्या वाहण्यात व भाजीचे भारे बाजारात नेण्यात गेलेले आहे. ओल्या मिठाची किंवा बर्फातल्या मासळीची पाटी म्हणजे काय ओझे असते, हे ज्याने एकदा उचलले त्यालाच कळेल. त्यांच्या सुना-मुलींपैकी काही अजूनही मासळी किंवा भाजी घेऊन पहाटेची गाडी धरितात व दुपारपर्यंत एका बैठकीवर बसून असतात. या दोन्ही पिढ्यांत आज आम्ही ज्याचे वर्णन करणार आहोत ते दुखणे आढळते. आणि दोन्ही पिढ्या त्याविषयी मौन धरितात.

प्रथम शरीराची रचना पाहू. माणसाच्या कंबरेचे हाड तळाशी उघडे असते. घमेल्यास बूड नसावे तसा तो प्रकार आहे. हे बूड स्नायूंनी विणलेले आहे. पुढे जननेंद्रियावरचे हाड, मागे माकडहाड आणि दोन्ही बाजूंस बैठकीची हाडे, यांच्यामध्ये हे स्नायू बाजेच्या सुंभाप्रमाणे ताणलेले असतात. त्यांवर पुढे मूत्राशय, मध्ये गर्भाशय व मागे गुदाशय अशी तीन इंद्रिये विसावलेली असतात. आणि या विणीतूनच लघवीचा मार्ग, योनिमार्ग व शौचाचा मार्ग बाहेर पडतात. म्हणजे या स्नायूंस दोन कामे करावी लागतात. वरचा भार तोलावयाचा, आणि खालची दारे वेळेवर मिटावयाची व वेळेवर उघडावयाची. खारजमिनीच्या बांधाला उघाडी असते तिचे काम ज्यांनी पाहिले आहे त्यांस हे लवकर उमजेल. भरतीच्या वेळी झडप घट्ट बसली पाहिजे आणि ओहोटीला सहज उघडली पाहिजे. झडप सैल झाली तर खारे पाणी शेतात शिरते. आणि गंजून अडकली तर पावसाचे पाणी तुंबून भात कुजते. स्नायूंचेही तसेच आहे. त्यांचा सैलपणा हा एक विकार व त्यांचा अतिताण हा दुसरा. पहिला पुष्कळ आढळतो. दुसरा कमी आढळतो असे नव्हे, तो ओळखला कमी जातो.

बाज सैल कशाने होते? सर्वांत मोठे कारण बाळंतपण होय. मूल बाहेर येताना हे स्नायू आपल्या मूळ लांबीच्या कितीतरी पट ताणले जातात, व कधी हाडापासून तुटतातही. पहिलीच वेळ अडून बसली, मूल मोठे होते, चिमटे लावून काढावे लागले, किंवा बाळंतपणे जवळजवळ व पुष्कळ झाली, तर धोका वाढतो. त्याखालोखाल पोटातील दाब नित्य वाढविणारी कारणे येतात: वर्षानुवर्षे उचललेली ओझी, जुनाट खोकला (यात चुलीचा धूर व तंबाखू यांचा वाटा मोठा), शौचास कुंथण्याची सवय आणि शरीराचा अतिरिक्त लठ्ठपणा. विटाळ जाण्याच्या वयानंतर शरीरातील स्त्रीद्रव्य घटते, तेथील त्वचा व स्नायू पातळ पडतात, आणि तोवर कसेबसे धरून राहिलेले अंग त्या सुमारास उतरू लागते. काही घराण्यांत शरीराचे बंधच जात्या सैल असतात, म्हणून मायलेकींत हे दुखणे पाहावयास मिळते. ओझे उचलणारी प्रत्येक बाई याने आजारी पडते असे नाही, व ओझे न उचलणारी सुटते असेही नाही.

आता लक्षणांकडे वळू, कारण या लेखाचा खरा हेतू तोच आहे.

पहिले व सर्वांस ठाऊक असलेले लक्षण म्हणजे खोकताना, शिंकताना, हसताना किंवा भरलेला हंडा उचलताना चार थेंब लघवी सुटणे. पुष्कळ बाया याला दुखणे समजतच नाहीत. बाळंतपणानंतर काही आठवडे असे झाले तर त्यात फारशी काळजी नाही; पण तीन महिने उलटूनही ते चालू राहिले, किंवा मध्यंतरी थांबून चाळिशीनंतर पुन्हा सुरू झाले, तर स्नायू अशक्त झाले आहेत असे समजावे. याहून निराळा एक प्रकार असा की, लघवीची भावना एकाएकी इतकी तीव्र येते की दार गाठेपर्यंत धीर निघत नाही. कुलपात किल्ली घालता घालता किंवा नळाच्या पाण्याचा आवाज ऐकताच कपडे भिजतात. रात्री दोन-तीन वेळा उठावे लागते. या प्रकारात मूत्राशय स्वतःच अवेळी आकुंचन पावत असते. दोन्ही प्रकार एकाच बाईत असू शकतात, व उपचार थोडे वेगळे असल्यामुळे आपला प्रकार कोणता हे डॉक्टरास नीट सांगता आले पाहिजे.

दुसरे लक्षण म्हणजे जडपणा. सकाळी उठताना बरे असते. दुपारपर्यंत ओटीपोटात ओढ लागते. संध्याकाळी तर काहीतरी खाली आले आहे, आपण चेंडूवर बसलो आहोत, असे वाटते. आणि आडवे झाले की ते कमी होते. दिवस चढेल तसे वाढणे व निजल्यावर उतरणे ही या विकाराची खूण लक्षात ठेवण्याजोगी आहे. नुसती कंबरदुखी ही खूण नव्हे, कारण कंबर शंभर कारणांनी दुखते; परंतु कंबरदुखीबरोबर हा दिवसाचा चढउतार असेल तर विचार करावा. पुढे पुढे अंघोळीच्या वेळी हाताला मऊ गोळा लागतो. तो आरंभी उकिडवे बसल्यावर येतो व आपोआप आत जातो, नंतर हाताने सारावा लागतो, व अखेर आत राहीनासा होतो. पुष्कळ बायांस हा गोळा म्हणजे गाठ किंवा कर्करोग वाटून त्या भयाने गप्प बसतात. तो बहुधा स्वतःचेच मूत्राशय, गर्भाशय किंवा गुदाशय खाली सरून योनिमार्गाच्या भिंतीला फुगवटा आणीत असते. जिवाला त्याचा धोका सहसा नसतो, परंतु जगणे तो खचित अवघड करितो.

येथे एका शब्दाचा घोटाळा काढून टाकणे अवश्य आहे. आपल्या बाया ‘अंग बाहेर येते’ म्हणतात, तसेच ‘अंगावरून जाते’ असेही म्हणतात. पहिल्याचा अर्थ वर सांगितलेला गोळा. दुसऱ्याचा अर्थ पांढरा किंवा तांबडा स्राव. ही दोन वेगळी दुखणी आहेत व त्यांचे उपाय वेगळे आहेत. दवाखान्यात घाईघाईने ‘अंगाचा त्रास आहे’ एवढेच सांगितले की स्रावाचे औषध मिळते व गोळा तसाच राहतो. तेव्हा काय येते, कोठून येते, कोणत्या वेळी येते, हे स्पष्ट शब्दांत सांगावे.

तिसऱ्या वर्गातील लक्षणे अशी आहेत की ती बाई सख्ख्या बहिणीलाही सांगत नाही. लघवी पूर्ण होत नाही, गोळा बोटाने वर ढकलल्यावरच धार सुटते. शौचास बसल्यावर मागील भाग हाताने दाबून धरावा लागतो. वारा आवरत नाही. पातळ शौचाचा डाग वस्त्राला लागतो. नवऱ्याजवळ जाताना दुखते, किंवा काही जाणवतच नाही. यांतील एखादी गोष्ट जरी होत असली तरी ती याच स्नायूंशी संबद्ध असण्याचा संभव पुष्कळ आहे. ती सांगितल्याशिवाय डॉक्टरास कळण्यास मार्ग नाही, आणि सांगितल्यास त्याला ती नवी नाही.

यांखेरीज काही खुणा घरच्या माणसांस बाहेरूनच दिसतील. बाई पाणी कमी पिऊ लागते. लग्नाकार्यास किंवा यात्रेस जाण्याचे टाळते. गेलीच तर प्रथम संडास कोठे आहे ते पाहून ठेविते. आतून जाड फडके बांधते व ते निराळे धुऊन, लपवून वाळत घालते. हसताना पाय आवळते. पूर्वी एकटीने डोक्यावर घेतलेली पाटी आता मुलाला उचलावयास सांगते, आणि कारण विचारल्यास गुडघ्याचे नाव पुढे करिते. पाणी तोडण्याची सवय विशेष घातक होय. लघवी कमी व दाट झाली की मूत्राशय अधिक चिडते, जळजळ होते, शौच घट्ट होते, कुंथणे वाढते, आणि कुंथण्याने अंग अधिक उतरते. बाजारात सहा सहा तास बसणाऱ्या बायांस पाणी न पिण्यावाचून गत्यंतर राहत नाही, कारण जवळ स्वच्छ मुतारी नसते. मुंबईत २०११ पासून स्त्रियांच्या मुताऱ्यांसाठी चळवळ चालू झाली तिला काही सुशिक्षित लोक हसले होते. त्यांनी चैत्रात एक दिवस बाजारात मासळीच्या पाटीमागे बसून पाहावे.

आता अतिताणाविषयी. काही स्त्रियांचे, विशेषतः तरुण व भीतीने किंवा जुन्या दुखापतीने आकसलेल्या स्त्रियांचे, हे स्नायू सैल नसून सदैव आवळलेले असतात. लघवी सुरू होण्यास वेळ लागतो, धार तुटक येते, शौचास जोर करूनही वाट मिळत नाही, संबंधाच्या वेळी तीव्र वेदना होतात, बसल्यावर माकडहाडाच्या आसपास दुखत राहते. अशा बाईने पुढे सांगितलेला आवळण्याचा व्यायाम केला तर दुखणे वाढेल. तिला स्नायू सोडण्यास शिकावयाचे असते. म्हणून ज्यांचे मुख्य लक्षण वेदना हे आहे त्यांनी तपासणीपूर्वी व्यायाम आरंभू नये.

पुरुष वाचकांनी हा मजकूर केवळ बायकांसाठी आहे असे समजून पान उलटू नये. हे स्नायू पुरुषांसही आहेत. लघवी करून उठल्यावर धोतरात किंवा विजारीत थेंब गळणे, प्रोस्टेट ग्रंथीच्या शस्त्रक्रियेनंतर लघवी न आवरणे, वारा किंवा शौच न धरवणे, यांत याच स्नायूंचा दोष असतो व पुढील व्यायामाचा त्यांसही उपयोग होतो.

काही लक्षणे मात्र अशी आहेत की त्यांत व्यायाम करीत बसणे म्हणजे वेळ घालविणे होय. विटाळ कायमचा गेल्यावर पुन्हा रक्त दिसणे. लघवीतून रक्त जाणे. लघवी अजिबात कोंडणे. बाहेर आलेल्या भागावर व्रण पडणे किंवा त्यातून रक्त येणे. ताप व थंडी यांसह लघवीला आग होणे. आणि मांड्यांच्या मधला भाग एकाएकी बधिर होऊन पायांतील शक्ती जाणे. यांपैकी काहीही झाल्यास विलंब न करिता रुग्णालय गाठावे. शेवटच्या लक्षणात तर तासांचा हिशेब असतो. तसेच अडलेल्या बाळंतपणानंतर लघवी थेंबाथेंबाने रात्रंदिवस, निजल्यावरही, गळत असेल तर ते स्नायूंचे दुखणे नसून मूत्राशयाला पडलेले छिद्र असण्याचा संभव असतो. ते शस्त्रक्रियेने बुजविता येते, व्यायामाने नव्हे.

मौनाचा विषय निघाला आहे तर एक दाखला देणे योग्य होईल. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. राणी बंग व डॉ. अभय बंग यांनी दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी केली व तिचे निष्कर्ष १९८९ साली ‘लॅन्सेट’ या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. त्या स्त्रियांपैकी शेकडा ९२ जणींस स्त्रीरोगांपैकी एक ना एक रोग आढळला, आणि पूर्वी कधी तपासणी व उपचार झालेल्या स्त्रिया शेकडा ८ होत्या. त्यातील निम्मे विकार जंतुसंसर्गाचे होते, म्हणजे तो सर्व आकडा आमच्या विषयाचा नव्हे. परंतु तपासल्याशिवाय काही कळत नाही व विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही, हे त्यावरून सिद्ध झाले. शेजारच्या नेपाळात तर डोंगरी शेतकरी स्त्रियांत अंग उतरण्याचे प्रमाण इतके मोठे की तेथील सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली हा स्त्रियांच्या हक्काचा प्रश्न ठरवून सरकारास उपाययोजनेचे आदेश दिले. आपल्याकडे सुश्रुताने योनिरोगांत ‘प्रस्रंसिनी’ म्हणून एक प्रकार सांगितला आहे तो हाच होय. दुखणे जुने आहे. लाजही तेवढीच जुनी असावी.

उपायांत पहिला मान व्यायामाचा. अमेरिकेतील आर्नोल्ड केगेल नामक स्त्रीरोगतज्ज्ञाने १९४८ साली या स्नायूंच्या व्यायामाची पद्धत शास्त्रीय रीतीने मांडली व तेव्हापासून तो त्याच्या नावाने ओळखला जातो. आपल्या योगशास्त्रातील मूलबंध व अश्विनी मुद्रा यांत हेच स्नायू आत ओढले जातात, तेव्हा कल्पना आपणांस परकी नाही. रीत अशी: उताणे निजून गुडघे वाकवावे. वारा सरतो आहे व तो चारचौघांत रोखावयाचा आहे अशी कल्पना करून मागील द्वार आवळावे, व तेच आवळणे पुढे लघवीच्या मार्गापर्यंत आणून वर ओढावे. पोट, मांड्या व कुल्ले सैल असावे. श्वास कोंडू नये; अनेकजणी येथेच चुकतात, श्वास धरून खाली जोर देतात, व तो जोर दुखणे वाढवितो. ओढ वर जाणवली पाहिजे, खाली नव्हे. आरंभी तीन-चार अंक मोजेपर्यंत धरावे, तितकाच वेळ पूर्ण सोडावे. सोडणे हेही आवळण्याइतकेच महत्त्वाचे. असे दहा वेळा करावे, नंतर दहा वेळा चटकन आवळून चटकन सोडावे, व हा क्रम दिवसातून तीनदा ठेवावा. धरण्याचा काळ हळूहळू दहा अंकांपर्यंत न्यावा. स्नायू सापडला की नाही हे पाहण्यासाठी एखादे वेळी लघवीची धार मध्येच थांबवून पाहण्यास हरकत नाही, परंतु त्याची सवय लावू नये. त्याने मूत्राशय पूर्ण रिकामे होत नाही.

सराव झाल्यावर हा व्यायाम बसून, उभ्याने, विरार गाडीच्या गर्दीतही करिता येतो व शेजारणीला कळत नाही. त्याचा सर्वांत व्यावहारिक उपयोग असा की, खोकला किंवा शिंक येण्याच्या क्षणापूर्वी व ओझे उचलण्यापूर्वी स्नायू आवळून धरावा. एवढ्या एका युक्तीने कित्येकींचे कपडे भिजणे कमी होते. मात्र फळ येण्यास तीन महिने लागतात. भातालाही तेवढेच लागतात. चार दिवसांनी रोप उपटून मूळ धरले का ते कोणी पाहत नाही, तोच धीर येथे धरावा.

ओझ्याविषयी आमचे मत स्पष्ट आहे. एक मोठी पाटी नेण्यापेक्षा दोन लहान खेपा कराव्या. डोक्यावर देताना दुसऱ्याने हात द्यावा. उचलताना कंबरेतून न वाकता गुडघ्यांत बसावे, वस्तू शरीराजवळ घ्यावी व उचलते वेळी श्वास सोडावा. शौच मऊ राहील असे खाणे व पुरेसे पाणी ठेवावे. खोकला जुना असेल तर त्याचा इलाज आधी करावा. बाळंतिणीला सव्वा महिना घरात बसविण्याची आपली जुनी चाल या बाबतीत शहाणपणाची होती. तिच्यातील अंधार, धुरी व पाणी तोडण्याचा भाग टाकून विश्रांतीचा भाग अवश्य ठेवावा. पण हाच नियम आवणी लागली की प्रथम मोडतो. ज्येष्ठात बाळंत झालेली सून आषाढात चिखलात उभी असते, आणि माणसे मिळत नाहीत हे कारण खरेही असते. अशा वेळी तिला निदान भाताच्या रोपांच्या ओल्या मुठी वाहण्याचे काम देऊ नये. ते काम घरातील पुरुषांनी करावे. त्यात कमीपणा मानण्यासारखे आम्हांस काही दिसत नाही.

व्यायामाने भागत नाही अशी स्थिती असेल तर योनिमार्गात बसविण्याची सिलिकोन किंवा रबरी कडी मिळते. वय झालेल्या, शस्त्रक्रिया नको असलेल्या बाईस ती फार सोयीची असते; ठराविक काळाने काढून धुवावी व तपासून घ्यावी लागते. त्यापुढचा उपाय शस्त्रक्रिया. या बाबतीत महाराष्ट्र-गोमंतकास अभिमान वाटावा असा इतिहास आहे. गोव्यात जन्मलेले डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर (१८९९-१९७१) यांचे नाव गर्भाशयमुखाच्या टाक्यामुळे जगभर झाले. त्यांनीच, ज्या तरुण स्त्रीस अजून मुले हवी आहेत तिचे उतरलेले गर्भाशय न काढता वर बांधून ठेवण्याची शस्त्रक्रियाही बसविली. मुंबईच्या डॉ. पुरंदरे यांच्या नावाची अशीच एक पद्धत प्रचलित आहे.

हे मुद्दाम सांगण्याचे कारण असे की, अलीकडे ‘पिशवी काढून टाका’ हा सल्ला फार स्वस्त झाला आहे. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांविषयी २०१९ साली ओरड झाल्यावर शासनाने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. त्या वेळच्या पाहणीत ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ स्त्रियांची गर्भाशये काढलेली आढळली. उसाच्या मोळ्या वाहणाऱ्या या बाया आपल्या आगरी-कोळी बायांच्या कष्टातल्याच बहिणी आहेत. काही दुखण्यांत गर्भाशय काढणे अवश्य असते, याविषयी वाद नाही. परंतु पांढरे जाते, ओटीपोट दुखते, खोकताना लघवी सुटते, एवढ्यावरून गर्भाशय काढणे म्हणजे बाजेचे सुंभ सैल झाले म्हणून उशी फेकून देणे होय. तळचे स्नायू तितकेच सैल राहतात, लघवी सुटतच राहते, आणि पुढे योनिमार्गाचा वरचा भागही खाली येऊ शकतो. तेव्हा असा सल्ला मिळाल्यास दोन प्रश्न विचारावे: हे न काढता दुसरा काय उपाय आहे? आणि काढल्याने माझी ही विशिष्ट तक्रार जाईल काय? उत्तर समाधानकारक न वाटल्यास दुसऱ्या ठिकाणी दाखवावे. भाईंदर पश्चिमेस पंडित भीमसेन जोशी यांच्या नावाचे सार्वजनिक रुग्णालय आहे. त्याखेरीज रेल्वेने परळला उतरल्यास केईएम व नौरोसजी वाडिया प्रसूतिगृह ही जुनी मोठी रुग्णालये आहेत. गावातील आशा कार्यकर्तीस बरोबर नेल्यास धीर येतो.

दवाखान्यात जाण्यापूर्वी तीन दिवसांची नोंद करावी: किती पाणी व चहा प्यायले, किती वेळा लघवी झाली, किती वेळा व काय करीत असता सुटली, रात्री कितीदा उठावे लागले. ही नोंद डॉक्टरास दहा प्रश्नांचे काम देते. जिला लिहिता येत नाही तिने न्हाणीघराच्या भिंतीवर कोळशाने रेघा ओढाव्या. लघवीला उभी रेघ, कपडे भिजले तर आडवी, रात्रीची असेल तर तिच्याजवळ एक टिंब. तिसऱ्या दिवशी नातीने किंवा मुलाने त्या रेघा कागदावर उतरून द्याव्या आणि तो कागद बरोबर न्यावा.